वाटी चिरलेल्या भाजीची की शिजलेल्याची?

"पोटॅशियम सात पॉइंट दोन," डॉक्टर रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाले. "घरी काय खायला देत होता?"

माझा पारा चढला. तुमच्याच कागदाप्रमाणं बायकोला जेवू घालतोय, असं मी सांगलीच्या त्या दवाखान्यात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडलो.

पोटॅशियम म्हणजे रक्तातला एक क्षार. मूत्रपिंडं धड असली की जादाचा लघवीवाटे निघून जातो. माझ्या शालनची मूत्रपिंडं वर्षभर निकामी होत चालली होती. हा क्षार साठला की पाय गळतात, हृदय थांबू शकतं. त्या सकाळी आष्ट्याला घरी ती उठायला गेली, तर पाय उचलेनात. आम्ही अशक्तपणा समजलो होतो.

पथ्याच्या कागदावर लिहिलं होतं : पालेभाजी एक वाटी, आठवड्यातून दोनदा. तो मिळाला त्याच दिवशी शालननं विचारलं होतं, "आवं, ही वाटी चिरलेल्या भाजीची का शिजलेल्याची? फोन करून इचारा की."

"वाटी म्हंजे वाटी! डोकं नगं खाऊ," मी खेकसलो. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन सुरुवात केली आणि बाजारात स्वतःचा गाळा केला. जुडी हातात घेतली की वजन सांगतो. मला कुणी भाजी शिकवायची नाही, हा ताठा.

ती चाकवत शिजवायची. वाटी मी भरायचो, चमच्यानं दाबून, वर शीग लावून. आजारी माणसाला कमी वाढायला हात धजत नव्हता.

शालनला लगेच डायलिसिसवर घेतलं. म्हणजे यंत्रातून रक्त गाळून परत अंगात सोडतात. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आहार सांगणाऱ्या बाई शेजारी येऊन बसल्या. "काका, वाटी कच्च्या चिरलेल्या भाजीची, हलकी भरलेली. उकळून पाणी टाकून द्यायचं."

मग हे कागदावर का लिहिलं नाही? तो राग अजून गेलेला नाही.

घरी येऊन काटा मांडला. कच्चा चिरलेला चाकवत, हलका भरलेला : पंचवीस ग्रॅम. तीच वाटी शिजलेल्या भाजीनं दाबून भरायला पाव किलो पाला लागला. दहापट.

शालनला सांगितलं. ती हसली. "बाजारात पोत्याचं वजन वजा केल्याबिगर घेत न्हाईसा. माज्या वाटीचं तेवढं इचारायचं ऱ्हायलं."

मला हसता आलं नाही.

पुढं दर वेळी पालेभाजी कच्चीच तोलली. आठ महिन्यांनी तिचं हृदय थांबलं.

"त्या भाजीमुळं नाही, काका. आजारच पुढं गेला होता," डॉक्टर म्हणाले. त्यांचे उपकार आहेत. समोरच्यानं सांगितलेलं मी कधी घासाघीस केल्याशिवाय मानलं नाही. एवढं मात्र मानायचा प्रयत्न करतो.

तुमच्या घरी असा कागद आला, तर कच्ची की शिजलेली, कुठली वाटी, किती ग्रॅम, सगळं विचारा. लाजू नका.

गाळ्यावर कुणी पथ्याची भाजी मागितली की मी विचारतो, "वाटी चिरलेल्याची का शिजलेल्याची?" ठाऊक नसेल तर दवाखान्यात फोन लावायला सांगतो. गिऱ्हाईक कुरकुरतं. मी जुडी परत ढिगावर ठेवतो आणि फोन होईपर्यंत थांबतो.