माकडांनी खाल्लेलं नाताळचं ताट

गोवा मुक्त झाला आणि आठवड्याभरात नाताळ आला. मी तेव्हा जन्माला यायची होते, पण त्या दिवशी माझ्या वडिलांनी जो पराक्रम केला तो मी इतक्यांदा ऐकलाय की आपण तिथंच उभे होतो असं वाटतं. आमच्या कोरगावात रीत अशी होती की नाताळला ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून हिंदूंच्या घरी कोरडा शिधा यायचा. नारळ, केळी, तांदूळ, माडाचा काळा गूळ. शिजवलेलं काही नाही, म्हणजे बाटायचं भय नाही. कुंपणापलीकडची शेजारीण तसा शिधा घेऊन आली, तर वडील पायरीवर उभे राहून म्हणाले, "शिधा कसला आणता, बाय? ते दिवस गेले. पुढल्या वर्षापासून तुमच्या हातचं करून आणा. आम्ही खाणार!"

बाईला भरून आलं. वडिलांना तर तिच्याहून जास्त भरून आलं. मराठी शाळेत मास्तर व्हायचं त्यांच्या मनात होतं आणि भाषण जिभेवर तयारच असायचं.

पुढल्या नाताळला ताट आलं. क्रोशाच्या पांढऱ्या रुमालाखाली दोदोल म्हणजे गूळ-नारळाच्या रसाच्या मऊ वड्या, नेवऱ्या म्हणजे करंज्या, आणि तळून साखरेत घोळवलेल्या किडयो. वडिलांनी रुमाल उचलला आणि त्यांचा चेहराच उतरला. जिभेवरचा पराक्रम काही पोटात उतरेना. त्यातून ते आता मास्तर आणि देवस्थान समितीचे चिटणीस. "अंडं असणार ह्यात," ते म्हणाले. "आणि गावात कळलं म्हणजे?" ताट गोठ्याच्या माळ्यावर गेलं. संध्याकाळी सावंतवाडीकडून काजूची बाग साफ करायला आलेले गडी ते खाऊन गेले. तेही आमच्यासारखे हिंदूच, पण वडील म्हणाले, "त्यांना चालतं." त्यांना कुणी विचारलं होतं, देव जाणे.

आणि त्याच दुपारी वडील कुंपणाशी जाऊन ओरडले, "बाय, दोदोल फर्स्ट क्लास!"

झालं, हीच रीत पडली. दर नाताळला ताट यायचं, माळ्यावर जायचं, आणि दुपारी कुंपणाशी फर्स्ट क्लासची दवंडी. कळायला लागल्यापासून ताट माळ्यावर पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी शिडीवरच दोन किडयो तोंडात टाकायची. मला काहीही झालं नाही, हे इथं नोंदवून ठेवते.

खरी कोंडी आईची होती. ती डिचोलीकडून लग्न होऊन आली तेव्हा ह्या वाड्यावर तिचं म्हणावं असं एक माणूस नव्हतं. ही शेजारीणच तिची पहिली मैत्रीण. विरजण तिच्याकडून, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला तिच्याबरोबर, माझ्या वेळी पोटात कळा आल्या तेव्हा गाडी आणायला धावली तीही हीच. गणेशचवथीला आमच्या नेवऱ्या ती आमच्या पायरीवर बसून, आमच्यासमोर खायची. आई तिच्या तोंडाकडे बघायची नाही. "एक दिवस तिला कळणार," आई वडिलांना म्हणायची, "आणि मग मला ह्या गावात कोण उरणार?" वडील म्हणायचे, "कळणार कसं? सांगणार कोण?"

सांगायला माकडं आली.

मी तेरा वर्षांची होते. त्या वर्षी डिसेंबरातच काजूला मोहोर धरला होता, आणि डोंगरावरची माकडं वाड्यात उतरायला लागली होती. खाणींनी त्यांचे डोंगर उकरले म्हणून, असं वडील सांगायचे; आमच्या पपया पिकल्या म्हणून, असं आईचं मत. नाताळच्या सकाळी मी ताट रुमालासकट माळ्यावर ठेवलं आणि गोठ्याचं दार ओढून घ्यायला विसरले. आमची जेवणं आटपतात न आटपतात तोच गाय हंबरली. मी काठी घेऊन धावले. बघते तर सात-आठ माकडं, प्रत्येकाच्या हातात काहीतरी, आणि माझ्या देखत उड्या मारत कुंपणापलीकडे पसार!

पलीकडे शेजारणीच्या अंगणात मांडव घातलेला. वास्कोहून तिचा दीर बायकापोरांसह आलेला, सगळे जेवायला बसलेले. माकडांना दुसरं घर मिळालं नाही? नाहीच मिळालं. पुढारी माकड थेट तिच्या कौलांवर जाऊन बसलं, नाताळचं कागदी नखेत्र, चांदणीचा कंदील, लावलं होतं त्याच्या शेजारी. खांद्यावर क्रोशाचा रुमाल, हातात दोदोलाची वडी. बाकीची खाली नेवऱ्या फोडत होती, सारण खाऊन पाऱ्या पाहुण्यांच्या पानांत टाकत होती. वास्कोची पोरं हसून लोळायला लागली.

शेजारीण हसली नाही. तिनं रुमाल ओळखला. स्वतःच्या हातानं विणलेला रुमाल कोण ओळखणार नाही? तिनं वर माकडाकडे बघितलं, मग आमच्या उघड्या गोठ्याकडे, मग काठी घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाठीमागे आई येऊन उभी राहिली होती.

आणि तेवढ्यात, हात धुऊन, धोतराला हात पुसत वडील बाहेर आले. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. नेहमीप्रमाणे कुंपणाशी गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बाय, दोदोल फर्स्ट क्लास!"

पलीकडे सगळ्यांच्या माना वडिलांकडून कौलांकडे वळल्या. माकड बोटं चाटत होतं.

"होय, मास्तर," शेजारीण म्हणाली. "दिसता."

संध्याकाळी ती विहिरीवर आली. आई तिथंच कळशी घेऊन थांबली होती. मला वाटतं तासभर थांबली होती. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. शेजारीण हळू आवाजात एवढंच म्हणाली, "अंडां नाय हां त्यात. तुमच्या ताटाची कढय मी वेगळी ठेवलंय. आंघूळ केल्याबिगर तिका हात लावणंय नाय." मग तिनं आपली घागर भरली आणि गेली. तेरा वर्षं! आमच्यासाठी ती सोवळ्यात दोदोल ढवळत होती, आणि आम्ही तो गोठ्यात टाकत होतो. आई त्या रात्री जेवली नाही. मला आजही त्याची लाज वाटते, आणि वडिलांचा रागही येतो. ते म्हणाले, "माकडांचा बंदोबस्त करायला हवा."

वर्षभर शेजारीण आमच्याशी अतिशय चांगली वागली. तेच वाईट होतं. आईला "गो" म्हणायची ती "तुमी" म्हणायला लागली. विरजण द्यायला येईना. बाजाराला एकटी जायची. चवथीला आमच्या नेवऱ्या घेतल्या, डोक्याला लावल्या आणि झाकून घरी नेल्या. आई सुकत चालली. सासरी पहिल्या वर्षी नसेल इतकी ती त्या वर्षी एकटी पडली.

पुढचा नाताळ आला. ताट येईल की नाही म्हणून आई सकाळपासून आतबाहेर करत होती. ताट आलं. नवा रुमाल, नीट इस्त्री केलेला. वडिलांनी उचलला. खाली दोन नारळ, केळी, तांदूळ, काळ्या गुळाची ढेप.

"बघ," वडील खूश होऊन म्हणाले, "कसं रीतीनं पाठवलंय. आता कुणाला काही बोलायला जागा नाही."

आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते चष्मा पुसायला लागले. तिनं ताट उचललं आणि पुढच्या दारानं, भर सकाळी, चर्चमधल्या मिसाहून परतणाऱ्या लोकांसमोरून शेजारणीकडे गेली. मी मागोमाग. सरळ स्वयंपाकघरात जाऊन तिनं ताट चुलीपाशी ठेवलं. "ह्यां आमच्या घरात ठेवन मी काय करू? माका दोदोल येणा नाय. तू कर, मी ढवळतंय."

शेजारणीनं कढई काढली. नारळ आईनं खवले, रस मी पिळला. मग तीन तास दोघी आळीपाळीनं ढवळत बसल्या. धूर नाकातोंडात, डोळ्यांना पाणी, आणि धुराची सोय होती म्हणून दोघींचं बरं चाललं होतं. कुंपणाशी वडील दोनदा येऊन उभे राहिले. त्यांना कुणी हाक मारली नाही.

वडी धड थापायच्या आधीच शेजारणीनं गरम दोदोल केळीच्या पानावर घालून आईपुढे सरकवला आणि पदराला हात पुसत बघत राहिली. आईनं तुकडा तोंडात टाकला. चावला, गिळला.

"गो," आई म्हणाली, "गूळ जरा जास्तच पडलो. भारी गोड झालो."

"दर वर्सा इतकोच गूळ घालतंय मी!"

"मगे दर वर्सा भारी गोडच झालो असतलो."

शेजारीण आधी हबकली. मग हसायला लागली, हसता हसता चुलीपाशी खालीच बसली. "मेले," ती म्हणाली, "मगे आदी सांगूक काय झालां तुका?"

आईनं दुसरा तुकडा उचलला.