इंदूबाईंनी परत घेतलेला शब्द

बाभुळगावच्या इंदूबाई तायडे लहानपणापासून कापूस वेचत आल्या होत्या. पण २०१७ साली बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली आणि दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत शेतमालकांनी उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या पिकात, ढोरं सोडली. वेचणी संपली. घरी बसून राहायची सवय नसलेली ही बाई त्या हिवाळ्यात घरातली भांडी पुन्हा पुन्हा घासायची.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर सरकारनं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली. तेव्हाच नागपूरकडचा एक एजंट त्यांच्या बचत गटाच्या बैठकीत आला. त्याच्याकडच्या पिशव्या फिकट हिरव्या, हाताला मऊ होत्या. "मक्यापासून बनते. सहा महिन्यांत माती होते," तो म्हणाला. "जमिनीत टाका, नाहीतर पाण्यात."

गटानं विक्रीचं काम घेतलं आणि दुकानोदुकानी बोलायला इंदूबाईंना पुढं केलं, कारण त्यांच्या शब्दावर लोक विश्वास ठेवत. विहारात पंचशील म्हणताना 'खोटं बोलणार नाही' हे वचन त्या नुसतं तोंडानं म्हणत नसत.

बेंबळा नदीत जाळं टाकणारे देवराव बाजारात पळसाच्या पानात बांधून मासे विकत. पिशव्या घ्यायला ते लवकर तयार होईनात.

"पळसाच्या पानात मासा गळते, हे खरं हाये. पण लोकं घाटावर मासे धुतेत न् पिशवी तिथंच टाकतेत. मंग?"

"टाकू द्या, देवरावभाऊ. माती होऊन जाते. मी सांगून राह्यली ना!"

देवरावांनी मान डोलावली. त्यानंतर ते गिऱ्हाइकांनाही तेच सांगू लागले.

दुसऱ्या उन्हाळ्यात नदी आटली. एका सकाळी देवराव इंदूबाईंच्या दारात आले. त्यांच्या हातात काचेची बाटली होती. ते रागावलेले नव्हते, त्यामुळं इंदूबाईंना जास्तच भीती वाटली.

"मोठी मरळ चिरली," ते म्हणाले. "पोटातून हे निघालं."

बाटलीत पिशवीचा फिकट हिरवा, चुरगळलेला गोळा होता. इंदूबाई तशाच त्यांच्यामागं घाटावर गेल्या. बाभळीच्या उघड्या पडलेल्या मुळ्यांना पिशव्या लोंबत होत्या. एक ओढली तर तिचे नखाएवढे तुकडे झाले आणि उरल्यासुरल्या धारेतून वाहत गेले. धरायला गेल्या, तर हाती एकही आला नाही.

यवतमाळच्या कॉलेजात शिकणारी त्यांची मुलगी मोनाली एक पिशवी सरांकडं घेऊन गेली. परत आल्यावर तिनं ती आईसमोर उलगडली.

"आई, पिशवीवर बारीक अक्षरात इंग्रजीत लिहेल हाये. हे फक्त कारखान्यातल्या खतभट्टीत कुजते. साठ अंशाच्या आसपास गर्मी लागते, तेही कितीक आठवडे."

"इतकी गर्मी तं आपल्या मे महिन्यातही नसते वं."

"म्हणूनच. नदीच्या पाण्यात ते नुसतं तुटते. बेंबळेतून वर्धेत, मंग प्राणहितेत, गोदावरीत, आन् शेवटी समुद्रात. तिथलं पाणी अजून थंड. सर म्हणाले, तिथं वर्षानुवर्षं तसंच राहू शकते."

समुद्र इंदूबाईंनी पाहिला नव्हता. आपण बोललेलं तिथवर गेलं असेल, हे त्यांना सोसवेना. "मी वाचलं काहून नाई?" त्या म्हणाल्या. इंग्रजी आपल्याला येत नाही, हे त्या क्षणी त्या विसरल्याच होत्या.

गटाच्या बैठकीत त्यांनी सगळं सांगितलं. अध्यक्ष विमलताई चिडल्या.

"आपणच कायले ओरडाचं? कापूस गेला, आता हेही घालवतं का? कंपनीनं आपल्यालेही तं फसवलंच ना!"

"आपल्याले फसवलं, ताई. पण लोकायले मी सांगतलं."

इंदूबाईंनी गट सोडला. पुढचे आठ दिवस त्या उन्हात दुकानोदुकानी फिरल्या. ज्या उंबऱ्यावर पहिला शब्द दिला, तिथंच तो परत घेतला. किराणावाले किसनराव हसले. "बाई, आता लोकायले सवय लागली," म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हिरव्या पिशवीत साखर दिली. देवराव मात्र पुन्हा पळसाच्या पानांकडं वळले. त्यांची काही गिऱ्हाइकं तुटली. त्याबद्दल ते इंदूबाईंना कधी बोलले नाहीत.

मग कळलं की तोच एजंट कळंब तालुक्यातल्या एका गावात नवा गट धरतो आहे. इंदूबाई एसटीनं तिथं गेल्या आणि समाजमंदिरात मागं बसल्या. त्याचं बोलणं शब्दाला शब्द तेच होतं. 'पाण्यात टाका' आलं तशा त्या उठल्या.

"भाऊ, पिशवीवरचं बारीक अक्षर मराठीत वाचून दाखवा."

एजंटानं त्यांना ओळखलं. "ते कायद्याचं असतं बाई, तुम्हाला नाही समजायचं."

"मले समजलं. यायले समजू द्या."

बायका एजंटाकडं पाहू लागल्या. त्यानं वाचलं, भराभर, पण वाचलं. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "मंग हे नदीत नाई कुजत?"

"नाही," तो म्हणाला.

काही बायका उठून गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या. त्यांतल्या एकीनं इंदूबाईंना सरळ विचारलं, "तुमी जाऊन राह्यल्या परत. आमाले दुसरं काम कोन देते?"

दाराकडं निघालेल्या इंदूबाई मागं वळल्या. त्या तिच्याशेजारी खाली बसल्या. त्यांची एसटी निघून गेली, तरी ती बाई बोलत होती आणि इंदूबाई ऐकत होत्या.