धाकट्याची वीज

थोरल्याची दाढ दुखली आणि नेमकी त्याच दिवशी समुद्रात वीज पडली. एरवी एकही फेरी न चुकवणारा हा माणूस गाल धरून घरी बसला. धाकटा भाऊ एकटाच बोट घेऊन गेला आणि गोष्ट घेऊन परतला. "तळापर्यंतचे मासे उताणे होऊन वर आले! गोळा करत थांबलो असतो, तर मीच उताणा!" धक्क्यावर त्याच्याभोवती ही गर्दी. थोरल्याची सख्खी बायकोसुद्धा वाढता वाढता म्हणायची, "भावोजी, पुन्हा सांगा ना." थोरल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यात बाबा आता थकले होते. सुकाणू कुणाच्या हाती द्यायचं, हे ते या हंगामात ठरवणार होते. त्यांनीही उभ्या जन्मात इतक्या जवळून वीज पाहिली नव्हती, त्यामुळे तेही आ वासून ऐकत. इतकी वर्षं राबून आपण कमावलं काय, तर दाढदुखी! थोरला मनातल्या मनात जळत होता.

एका दुपारी आभाळ भरून आलं. सगळ्या बोटी परतत होत्या, तेव्हा हा पठ्ठ्या एकटाच निघाला. त्याला स्वतःची वीज हवी होती.

मिळाली. जाळं खोल सोडलेलं असताना ती समोरच कडाडली. कान बधिर झाले. भानावर येऊन बघतो तर काय, पाण्यावर ओंजळभर बारके मासे उताणे. बस्स! जाळं ओढलं, तर खोलातले सगळे शेपट्या आपटत वर आले. झटका पाण्याच्या वरच्या थरातच पसरून विरला होता. खालच्यांना पत्ताही नव्हता.

"सापडला खोटारडा!" थोरला एकटाच ओरडला.

धक्क्यावर धाकटा चिंब भिजून उभा होता. दोर पकडता पकडता त्याला रडू फुटलं.

"दादा, त्या दिवशी मी काहीच बघितलं नव्हतं रे. डोळे मिटून बोटीत पालथा पडलो होतो. तुलाच हाका मारत होतो."

घरी बाबांनी विचारलं, "काय रे, धाकटा म्हणतो तसंच होतं का?"

धाकट्यानं मान खाली घातली.

"अगदी तसंच," थोरला म्हणाला. "सगळा समुद्र उताणा."

बाबांची नजर कौतुकानं धाकट्याकडे वळली. सुकाणू हातातून गेलं, हे थोरल्याला कळलं. हेवा पुन्हा वाटला, पण सुकाणूचा नव्हे. वीज पडली तेव्हा त्याला स्वतःला हाक मारायला कुणीच आठवलं नव्हतं.