आईची सही

मुलीला शाळेसाठी मी परक्या घरी ठेवलं नव्हतं, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता माझाच मला वैताग येतो. घर तिचंच होतं. भिवंडीजवळ मानकोली नाक्यावरून आत वळलं की गोदामांच्या पत्र्यांमागे थोडंसं गाव उरलंय, तिथे माझं सासर. थोरले दीर आणि जाऊबाई तिथे राहतात. त्यांना मूलबाळ नाही. आम्ही दोघं मस्कतला. नवरा मानकोलीतल्याच गोदामात काम शिकला आणि त्या शिकलेल्यावर तिकडच्या एका गोदामात सुपरवायझर म्हणून लागला. लग्नानंतर सहा महिन्यांनी मीही गेले, आणि मुलगी तिकडेच झाली.

तिकडे आपल्या लोकांच्या मुलांसाठी शाळा आहेत, पण मुलं जास्त आणि जागा कमी, म्हणून सोडत काढतात. मुलगी चार वर्षांची होती तेव्हा पहिल्या सोडतीत तिचा नंबर लागला नाही. दुसऱ्या यादीतही नाही. बाकीच्या शाळांची फी आमच्या आवाक्याबाहेरची. मी फोनवर ती यादी वरून खाली आणि खालून वर किती वेळा पाहिली असेल! नवरा म्हणाला, "अगं, पाहून नंबर उगवणार आहे का?" त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही.

मग त्यानेच सुचवलं, की एक वर्ष गावी ठेवू. पुढच्या सोडतीत लागेलच. जाऊबाईंना फोन केला, तर त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "पाठव गो. विचारतंस काय?" म्हणाल्या. तेव्हा मला हायसं वाटलं. आज त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटते.

मी मुलीला घेऊन आले. भिवंडीत ज्या इंग्रजी शाळेत जागा होती, तिथल्या क्लार्कने वेगळाच पेच काढला. वडील गल्फला असले तर चालतं, अशी अर्धी शाळा आहे, म्हणाले. पण आई इथे राहणारी पाहिजे. मीटिंगला आई, डायरीवर सही आईची, मूल आजारी पडलं तर फोन आईला. काकी चालणार नाही. मी मुलीचा जन्माचा दाखला पुढे केला. तो अरबीतला. त्यांनी तो उलटासुलटा करून शिपायाला दाखवला. शिपाई म्हणाला, "साहब, उर्दू नहीं, अरबी है. अपने को नहीं आता." मग क्लार्क म्हणाले, ॲफिडेव्हिट करून आणा, आई-वडिलांची नावं त्यावरून लिहू.

कोर्टाबाहेर टाइप करून देणारे बसतात, त्यातल्या एकापुढे आम्ही दोघी जावा बसलो. त्याने मान वर न करता विचारलं, "बच्ची की माँ का नाम?"

मी श्वास न घेता जाऊबाईंचं नाव सांगितलं.

जाऊबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुजं सांग ना गो."

"माझं सांगितलं तर जागा जाईल, ताई. एका वर्षाचा तर प्रश्न आहे. घरातलंच नाव आहे."

घरातलंच नाव आहे! किती सहज बोलले मी. आमच्याकडे पोरगं कोणाच्या ताटात जेवलं, कोणाच्या कुशीत झोपलं हे कोणी मोजत नाही, मग एका रकान्याचं काय एवढं, असं वाटलं मला. माझं माहेर कामतघरचं. वडील पॉवरलूमवर कामाला होते, आम्ही चाळीत वाढलो, शेजारच्या चार घरांत चार आया होत्या. कागदाला इतकं मनावर घ्यायची आम्हाला सवयच नव्हती.

जाऊबाई दुसरीतून शाळा सोडलेल्या. गोदामासाठी जमीन दिली तेव्हाही त्यांनी अंगठाच उठवला होता, तसा तो इथेही उठवला. परतताना रिक्षात त्या शाई पुसता पुसता एकदम हसायला लागल्या. म्हणाल्या, "म्हंजे कागदावं तुजा नवरा आता माजा झाला काय गो?" मी म्हटलं, "घ्या की, घोरतो फार." आम्ही इतक्या हसलो की रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. मुलगी मध्ये बसली होती. काही न कळता तीही हसत होती.

महिन्याभराने मी मस्कतला परतले. तिकडचा व्हिसा राखायचा तर जास्त दिवस बाहेर राहता येत नाही. निघताना मुलगी रडली नाही. जाऊबाईंच्या कडेवरून तिने मला टाटा केला. सगळे म्हणाले, शहाणी आहे. मी पण म्हटलं, शहाणी आहे.

पुढच्या सोडतीतही तिचा नंबर लागला नाही. एका वर्षाची दोन झाली. मी वर्षातून एकदा यायचे. बॅगभर कपडे, चॉकलेटं, रंगपेट्या. पोर ते सगळं घ्यायची आणि "थँक्यू मम्मी" म्हणायची, पाहुण्यांना म्हणतात तसं. जाऊबाईंना ती आधी मोठी आई म्हणायची, आमच्याकडे थोरल्या जावेला मुलं म्हणतातच तसं. दुसऱ्या खेपेला आले तेव्हा नुसती आई म्हणत होती. मी ऐकलं आणि बॅग उघडायच्या कामाला लागले. व्हिडिओ कॉलवर मी अभ्यासाचं विचारलं की ती म्हणायची, "मी जेवतंय, मंग बोलू." गावातलीच झाली होती भाषा. नवरा कौतुकाने हसायचा. मी फोन त्याच्या हातात द्यायचे.

त्याच खेपेला मी एक गोष्ट पाहिली. संध्याकाळी ओटीवर मुलगी वही घेऊन बसली होती आणि तिच्यासमोर जाऊबाई, पाय दुमडून, पेन मुठीत धरून. शाळेत रोज डायरीवर आईची सही लागायची. अंगठा दिला तर वर्गातली मुलं हसतात म्हणून मुलीनेच त्यांना नाव लिहायला शिकवलं होतं. जाऊबाई एकेक अक्षर काढायच्या, सुईत दोरा ओवताना धरतात तशी जीभ दातांत धरून. पोर बाईंच्या थाटात म्हणायची, "घाई न्हाय करायची, आई." सही संपेपर्यंत दूध उतू जाईल एवढा वेळ लागायचा. मला हसू आलं, आणि हसतानाच मत्सराने जीव जळाला. मत्सरच होता तो. त्याला दुसरं नाव देऊन उपयोग नाही.

तिसऱ्या वर्षी सत्र सुरू झाल्यावर मस्कतच्या शाळेतून निरोप आला. पहिलीतलं एक मूल शाळा सोडून गेलंय, जागा रिकामी आहे, पंधरा दिवसांत कागद आणा. आधीच्या शाळेचा दाखला हवा, आणि त्यावरची आई-वडिलांची नावं पासपोर्टशी जुळायला हवीत. पहिलं वाक्य ऐकून मी नाचले. दुसरं ऐकताना खाली बसले.

तिसऱ्या दिवशी भिवंडीत होते. विमानतळावरून येताना कशेळीच्या पुलाआधी कंटेनरच्या रांगेत दीड तास अडकले. तेवढ्या वेळात जाऊबाईंना फोन करून सगळं सांगता आलं असतं. नाही केला. घरी पोचले तर मुलगी जाऊबाईंच्या पदराआडून माझ्याकडे पाहत होती.

शाळेत क्लार्क तेच होते. म्हणाले, दाखला दिल्यावर काही बदलता येणार नाही, जे करायचं ते आधी. जिचं नाव आई म्हणून लावलंय, तिनेच लिहून द्यायचं की मी हिची आई नाही. मी विचारलं, "मी लिहून दिलं तर?" ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमच्या रजिस्टरला आहात कुठे?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं.

घरी आले तेव्हा जाऊबाई मागच्या दारी कोलंबी सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सीट, पंधरा दिवस, दाखला. कोर्टात जायला लागेल म्हटलं.

"काय लिवाचा?" त्यांनी विचारलं.

"की तुम्ही तिची आई नाही."

हातातली कोलंबी त्यांनी सोलली. दुसरी घेतली, ती पण सोलली. "लिवाला काय," म्हणाल्या, "तशी बी मी न्हायच ना." आणि टोपातली सगळी संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. मी तिथेच उभी राहिले. खाली बसून त्यांचा हात धरायचा होता. पण मला माझं पोर हवं होतं, आणि हात धरला असता तर मला ते नेता आलं नसतं.

कोर्टाबाहेर योगायोगाने टाइपवाला तोच. त्याने आम्हाला ओळखलं नाही, त्याच्यापुढे रोज कितीतरी बसत असतील. त्याने मजकूर काढला, वाचून दाखवायला लागला, तर मी म्हटलं, राहू द्या. त्याने जाऊबाईंकडे पाहून शाईचा पॅड पुढे सरकवला.

"माझ्या आईला सही येते," मुलगी म्हणाली. शाळेतून परस्पर आणली होती तिला, युनिफॉर्ममध्येच होती. एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या बाकावरच्यांनी पाहिलं.

जाऊबाईंनी पेन घेतलं. एकेक अक्षर. मुलगी त्यांच्या कोपराला टेकून उभी होती आणि तिचे ओठ अक्षरांबरोबर हलत होते. शेवटाकडे आल्यावर ती हळूच म्हणाली, "आई, वेलांटी ऱ्हायली." जाऊबाईंनी वेलांटी दिली. कागदावर वकिली इंग्रजीत काय लिहिलंय ते पोरीला वाचता येत नव्हतं, आणि आम्ही दोघींनी सांगितलं नाही.

सही नीट आली म्हणून तिने टाळी वाजवली.

दाखला मिळाला. त्यावर माझं नाव होतं. सीट मिळाली, मुलगी मस्कतला आली, शाळेत जाऊ लागली. पहिले काही आठवडे ती जेवताना रडायची, मग रडायची थांबली. मला "मम्मी" म्हणते, सांगितलं ते ऐकते, त्रास देत नाही. कोणाला सांगितलं तर म्हणतील, मग आणखी काय पाहिजे बाई तुला? मलाही सांगता येत नाही.

शाळेचं वर्ष संपून दोन महिन्यांनी आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीला गावी आलो. गाडी थांबताच ती धावत आत गेली. मी बॅगा घेऊन मागून स्वयंपाकघरात गेले, तर तिने आपल्या दप्तरातून मस्कतच्या शाळेचं प्रगतिपुस्तक काढून जाऊबाईंपुढे धरलं होतं. पहिला नंबर आला होता. मला तिने मार्क फक्त तोंडी सांगितले होते. प्रगतिपुस्तक कुठाय विचारलं, तर म्हणाली होती, शाळेतच आहे. दोन महिने तिने ते लपवून ठेवलं होतं. आईच्या सहीची जागा कोरी होती.

"सही कर," ती जाऊबाईंना म्हणाली, आणि पेनचं टोपण काढून दिलं.

जाऊबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. पेन घेतलं, पाय दुमडून बसल्या, पुस्तक मांडीवर घेतलं, जीभ दातांत धरली. मग त्यांना मी दारात दिसले.

मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. करा की, एवढंच म्हणायचं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि माझ्या तोंडातून ते आलं नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "न्हाय बाय," त्या पोरीला म्हणाल्या, "माजी आता चालाची न्हाय. मी कोर्टान लिवून दिलंय."

"काय लिहून दिलंस?"

"हाय काहीतरी. मम्मीकडना घे."

मुलगी पुस्तक घेऊन माझ्यापाशी आली. मी भिंतीला टेकवून सही केली. बँकेत, व्हिसाच्या कागदांवर करते तशीच, एका झटक्यात. ती शेजारी उभी राहून बघत होती. तिचे ओठ हलायला लागले होते, ते मध्येच थांबले.

"झाली पण?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तिने पुस्तक दप्तरात ठेवलं आणि चेन लावली.