वहीत उतरवलेला काता

माझी मुलगी साडेआठ वर्षांची होईपर्यंत तिच्या वतीनं मीच बोलत होते. डॉक्टरांनी "काय होतंय बाळा?" म्हणून विचारलं की उत्तर माझं. लिफ्टमध्ये शेजारच्या आजींनी "कितवीत गेलीस गं?" असं विचारलं तरी मी चटकन "तिसरीत" म्हणून मोकळी. ती उत्तर द्यायला वेळ घेते आणि मला तेवढा वेळ गप्प बसवत नाही, एवढंच कारण. तिचा बाबा नागपूरकडचा, त्याचं साधं बोलणंही तीन मजले ऐकू जातं. मी कोथरूडची, मी तोडून बोलते. आमच्या दोघांच्या मध्ये ती बिचारी बोलणार कधी?

त्यात पहिलीतलं गॅदरिंग झालं. भाज्यांचा नाच होता आणि ती भेंडी होती. पडदा उघडला, कुठल्याशा वांग्याचा पाय हिच्या हिरव्या कागदावर पडला, कागद टर्रकन फाटला आणि लोक हसले. भेंडी स्टेजवरून उतरली ती थेट माझ्या मांडीवर. त्यानंतर नाच सुटला, चित्रकलेचा वर्ग सुटला, वाढदिवसाला सगळ्यांसमोर केक कापणंही सुटलं. "लोक बघतात," एवढंच म्हणायची.

म्हणून एका संध्याकाळी आमच्याच सोसायटीच्या हॉलच्या खिडकीला नाक लावून ती म्हणाली, "मला हे करायचंय," तेव्हा मी आत डोकावूनही पाहिलं नाही, आधी नाव घातलं. मग कळलं की आत कराटे चालतं.

सरांचं पेठेत हार्डवेअरचं दुकान, आजोबांपासूनचं. दिवसभर खिळे आणि बिजागऱ्या विकून संध्याकाळी ते आमच्या हॉलमध्ये यायचे. रमजानच्या महिन्यात वर्ग उशिरा सुरू व्हायचा आणि त्या दिवसांत सर मुलांसाठीही खजूर आणायचे, त्यामुळे आमच्या इमारतीतली निम्मी पोरं रमजानची वाट बघायची. सर कधी ओरडत नसत. मुलांशी मऊ आणि पालकांशी कोरडे. हॉलच्या दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात कागद लावला होता: "पालकांनी आत बसून सूचना देऊ नयेत. बाहेरून खुणाही करू नयेत." दुसरं वाक्य माझ्यामुळे वाढलेलं आहे, हे मी इथे कबूल करते.

कारण मी रोज जाऊन बसायचे. घरून हॉल दोन मिनिटांवर, एकटी मुलगी सहज गेली असती. पण मी हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. काम घरूनच, त्यामुळे संध्याकाळी लॅपटॉप मिटून मी दारापाशीच्या खुर्चीत हजर. पोरीची कोपरं कुठे चुकतात, गुडघा किती वाकतो, सगळं माझ्या लक्षात. ती ठोसा मारायची आणि मग माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की पुढचा ठोसा. मला वाटायचं, किती छान जमलंय आमचं.

पहिल्या बेल्टच्या परीक्षेला दोन आठवडे असताना तिला ताप आला. नेमक्या त्याच दिवसांत सर काता शिकवणार होते. काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं घ्यायची वळणं, अडवणं आणि ठोसे. हवेतल्या शत्रूशी मारामारी, पण पाठ करून. परीक्षेत तो करून दाखवावा लागतो. आता मुलगी अंथरुणात आणि काता हॉलमध्ये, मग मी काय करावं? मी वही-पेन घेऊन वर्गाला गेले. ट्यूशन बुडाली की आई मैत्रिणीची वही मागून आणते, तसंच हे, असा माझा हिशेब.

"ताई, हे काय?" सरांनी विचारलं.

"काता लिहून घेतेय. घरी शिकवीन."

"आपल्याला येतो?"

"लिहून घेतलं की येईल."

"असं. पोहायलाही असंच शिकलात का?"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मुलांच्या समोर खुर्ची टाकून बसले. आठवडाभर एकेक हालचाल टिपली. उजवीकडे वळणे. उजवा हात खाली. पाऊल पुढे, डावा ठोसा. बाण काढले, आकडे घातले, लाल पेननं अधोरेखनं केली. ताप उतरला तेव्हा वर्ग संपले होते, परीक्षेच्या आठवड्यात सर सुट्टी देत. मग आमच्या दिवाणखान्यात सोफा सरकवून मी वही वाचत गेले आणि ती करत गेली. पाच दिवसांत पोरीनं काता असा बसवला की तिचा बाबा टाळ्या वाजवायला लागला. आणि मी तर काय, फुलून गेले होते.

रविवारी सकाळी हॉलमध्ये सगळे पालक भिंतीला टेकून बसले होते. त्या दिवसापुरती सगळ्यांनाच आत बसायची परवानगी होती. बाहेरून परीक्षक बाई आल्या होत्या, साठीच्या, बारीक अंगाच्या, नाकावर चष्मा. चार-चार मुलं एका रांगेत उभी करत होत्या. आमची दुसरी, तिच्या उजव्या हाताला आमच्या शेजारच्या इमारतीतला उंच मुलगा. मला बेल्टचं काही पडलेलं नव्हतं. मला धास्ती एवढीच होती, की आज पुन्हा काही फजिती झाली तर हिचं हेही सुटेल. आणि हे तिनं स्वतः मागितलेलं होतं.

बाईंनी खूण केली. तिघं डावीकडे वळली. माझी मुलगी ताठ, देखणी, उजवीकडे वळली. ती आणि तो उंच मुलगा एकमेकांच्या नाकासमोर.

तेव्हा मला उमगलं. मी मुलांच्या समोर बसले होते. त्यांची डावी बाजू ती माझी उजवी, आणि मी जे दिसलं ते लिहिलं होतं. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणाऱ्या बाईनं पोटच्या पोरीला अख्खा काता उलटा शिकवला होता.

लोक हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. मी उठलेच, "माझी चूक आहे" म्हणायला. सरांनी जागेवरूनच तळहात दाखवला आणि मी पुन्हा बसले.

तो मुलगा गोंधळून मागे सरला. माझी मुलगी क्षणभर थांबली. तिनं भिंतीकडे पाहिलं, मला शोधलं. मी मान हलवावी की नाही तेच मला कळेना, म्हणून मी खाली बघितलं. वर पाहिलं तेव्हा तिनं पाऊल टाकलेलं होतं. मधल्या सरळ पावलांत चौघं एका दिशेला गेली, तिथं ओरडायचं असतं, चौघं ओरडली, आणि तिचा आवाज मला वेगळा ऐकू आला. पुन्हा वळण आलं की ती एकीकडे आणि तिघं दुसरीकडे. तिनं एकही हालचाल गाळली नाही. शेवटपर्यंत केला, वाकून नमस्कार केला आणि उभी राहिली.

"हा काता तुला कुणी शिकवला?" बाईंनी विचारलं.

सवयीनं माझं तोंड उघडलंच होतं. सरांनी माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. तिनं तिचा नेहमीचा वेळ घेतला.

"आईनं," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "पण तिला रागावू नका. ती नवीन आहे."

आता मात्र सगळा हॉल खदखदून हसला. मी घाबरून तिच्याकडे पाहिलं. ती जागची हलली नव्हती. तिलाही हसू येत होतं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "काता स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या, "पण उलट्याला पास करता येत नाही. दोन महिन्यांनी ये."

नंतर दारात मी सरांना गाठलंच. "चूक माझी आणि नापास ती? हा कुठला न्याय?"

"नापास आपण झालात, ताई," सर म्हणाले. "तिची परीक्षा अजून व्हायचीय."

सोमवारी संध्याकाळी मी लॅपटॉप मिटला तर ती कराटेचा ड्रेस घालून दारात उभी. पट्टाही तिनं स्वतःच बांधला होता, गाठ तिरकी होती. मी चपला शोधायला लागले.

"आई, तू आजपासून येऊ नकोस," ती म्हणाली.

"का गं? राग आलाय माझा?"

ती विचार करत राहिली. मला मध्ये काहीतरी बोलायचं होतं, मी जीभ दाताखाली धरली.

"नाही," शेवटी ती म्हणाली. "तू असलीस की मी तुझ्याकडेच बघते. मग सर काय दाखवतात ते दिसत नाही."

मला फार लागलं ते. शहाणी, खरी, माझी पोर. मी "बरं" म्हटलं. तिनं दार ओढून घेतलं आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरून गेली. मग मी तिथेच उभी राहून पोटभर रडले.