मानाजीरावांच्या गाडीचा ओव्हरड्राइव्ह

कपडे गिऱ्हाईक घेऊन जातं, चिंध्या दुकानात राहतात. मानाजीरावांच्या गाडीचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. मी म्हैसूरचा शिंपी. त्यांच्या गाडीचं हूड आणि सीटा मी शिवल्या, आणि तेव्हापासून दर रविवारी त्यांच्या शेडमध्ये माझी हजेरी ठरलेली. तिसरा बसप्पा, लेथवाला. गाडीतलं खरं कळणारा तो एकटाच, म्हणून सगळ्यात कमी बोलायचा!

गाडी म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीची अमेरिकन, पुढे दोन सीटा आणि मागे उघडी डिकी-सीट. मानाजीरावांनी तरुणपणी तिचे मडगार्ड काढले, मोठं इंजिन बसवलं आणि हॉट रॉड म्हणून गावभर मिरवली. पळायची झकास. पण वेग साठच्या पुढे गेला की इंजिन असं बोंबलायचं, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे.

एकदा सरगूरला बहिणीकडे जाऊन आल्यावर त्यांच्या बायकोनं, शांतावहिनींनी, दोन दिवस कान चोळले. तिसऱ्या दिवशी निकाल दिला, "साकु! आता पुरे झालं. तो बेंगळूरचा माणूस मागतोय ना, देऊन टाका त्याला. नाहीतर दसऱ्यानंतर मला सरगूरला न्या, आणि वाटेत बोललेलं ऐकू आलं पाहिजे!"

मानाजीरावांचा चेहरा पडला. अर्धं आयुष्य जपलेली गाडी! मलाही खरंच वाईट वाटलं.

उपाय बसप्पानं काढला. ओव्हरड्राइव्ह. गिअरबॉक्सच्या मागे एक जादा डबा जोडायचा. खटका दाबला की चाकं तेवढीच पळतात, इंजिन मात्र सावकाश फिरतं.

*

मानाजीरावांचे पुण्याचे जावईबापू आले होते. इंजिनिअर माणूस! म्हणाले, "मामा, एवढा खटाटोप कशाला? नवा पाच गिअरचा बॉक्सच बसवा ना."

मानाजीराव म्हणाले, "जावईबापू, डोक्यावरच्या म्हैसूर पेट्याच्या आत तुम्ही हेल्मेट घालाल काय?"

शेवटी भंगारात एका इंग्लिश गाडीचा, त्याच जमान्याला शोभेल असा ओव्हरड्राइव्ह मिळाला. जावईबापूंनी तो उलटसुलट करून पाहिला. "इतका जुना? चालेल हा?"

बसप्पा मान वर न करता म्हणाला, "माझ्याहून लहान आहे. मी चालतो ना, अल्वा?"

*

डबा बसला की त्याच्या मागचा शाफ्ट तेवढा आखूड करावा लागतो. मानाजीराव म्हणाले, "माप मास्टर घेतील. मापात त्यांचा हात कोण धरणार!"

मी फुगलो. टेप घेऊन गाडीखाली शिरलो आणि चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. बसप्पानं शाफ्ट कापून, वेल्डिंग करून आणला. बसेना! पाऊण तास ठोकाठोक झाली.

"किती जास्त होतोय?" मी विचारलं.

"दोन बोटं."

कपडा धुतल्यावर आटतो, म्हणून मापात दोन बोटं जास्त धरायची, ही माझी जन्माची सवय!

बसप्पानं शाफ्ट माझ्या मांडीवर ठेवला. "मास्टर, धुऊन आणा."

*

आयुधपूजेला गाडीला हार घातला आणि चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी पुढे गेली, तीन लिंबं चिरडली, चौथं निसटलं. मानाजीरावांच्या नव्वदीच्या आई म्हणाल्या, "अपशकुन नको रे. मागे घे, परत चढव."

"बेडा! नको!" बसप्पा ओरडला. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना रिव्हर्स टाकला तर आत तुकडेच. आणि खटका बंद केला तरी आतला भाग सुटलाय की नाही, याची आमच्यातल्या कुणालाच अजून खात्री नव्हती. आम्ही तिघं गाडीखाली डोकं घालून वाद घालू लागलो.

तेवढ्यात आईंनी वाकून लिंबू उचललं, चाकापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "गाडीला मागे येता येत नाही, तर लिंबू पुढे जातं की!"

*

दसरा झाला. सरगूरची स्वारी निघाली. हूड खाली पाडलेलं, पुढे मानाजीराव आणि वहिनी, मागे डिकी-सीटवर मी. गाव मागे पडल्यावर मानाजीरावांनी देवाचं नाव घेऊन खटका दाबला. इंजिनाचा आवाज खाली आला. चक्क टायरांचा आवाज ऐकू येऊ लागला!

"शांता, ऐकू येतंय?" मानाजीरावांनी विचारलं.

"येतंय की हो."

झालं! मानाजीराव सुरू झाले. ओव्हरड्राइव्हच्या आत कुठला दाता कशाभोवती फिरतो, तेल कोणतं घालायचं, बसप्पाचं वेल्डिंग, माझी दोन बोटं, जावईबापूंची अक्कल... वहिनी "हूं, हूं" करत होत्या. वाटेतलं कोटे गावही मागे पडलं. मानाजीराव पुन्हा तेलावर आले.

वहिनींनी पदर सावरला. "एन्री, अहो, हा खटका वर केला की काय होतं?"

"ओव्हरड्राइव्ह बंद होतो. फार चांगलं विचारलंस! त्याचं असं असतं..."

वहिनींनी खटका वर केला.

इंजिन बोंबललं. मानाजीरावांचे ओठ हलतच राहिले. वहिनी मागे वळल्या आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडल्या, "भावोजी, त्या बेंगळूरवाल्याला कळवा, गाडी विकायची नाही!"