खादाड पेटी

धाकट्याच्या हातच्या राक्षसांचे दात फार सुंदर असत. असणारच, दिवसभर तो कवळ्या बनवायचा. थोरल्या भावाचा कारखाना म्हणजे घराच्या तळमजल्यावरची एक लांबट खोली. फळीवर प्लास्टरचे जबडे आ वासून बसलेले, टेबलावर मेण, ब्रश, घासायचं यंत्र. हिरड्यांचा उरलेला गुलाबी माल वाया जाऊ नये म्हणून धाकटा त्यातून रविवारच्या खेळासाठी राक्षस घडवायचा. तीन ड्रॅगन, अंगभर डोळे असलेला एक तरंगता गोळा आणि घुबडाच्या डोक्याचं अस्वल. घुबडाला दात नसतात हे त्याला कोणीतरी दाखवून दिलं, तेव्हा तो म्हणाला होता, "असू देत, आपल्याकडे शिल्लक आहेत."

खेळ सोपा आहे. तिघं जण वीर होतात आणि भुयारात शिरतात. चौथा पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून भुयार सांगतो आणि त्यातले सगळे राक्षसही तोच होतो. कोण जिंकलं ते वीस पैलूंचा फासा ठरवतो. पहिल्या रविवारी आडोशामागे बसायला कोणी तयार होईना. वीर सोडून राक्षस कोण होणार? तेव्हा वहिनीचा भाऊ, म्हणजे मेहुणा, धाकट्याला म्हणाला, "आजच्या दिवस तू बस." तो आजचा दिवस पंधरा वर्षं मावळला नव्हता.

कामाच्या टेबलाशीही तो असाच बसला होता. "माणूस मिळेपर्यंत तू बघ," दादा म्हणाला होता. मग माणूस शोधायचं दादा विसरला आणि आठवण करून द्यायचं धाकट्याला जमलं नाही. खुर्चीही दोन्हीकडे एकच होती. रविवारी दुपारी तो ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ओढायचा, इतकाच काय तो प्रवास.

आणि आता दुसऱ्या गावच्या एका दंतवैद्य बाईंनी त्याला बोलावलं होतं. त्यांना त्याच्या कवळ्या आवडल्या होत्या. राहायला वेगळी खोली आणि कोणाच्या हाताखाली राबायचं नाही. सोमवारी कळवा, म्हणाल्या. म्हणजे त्याआधी दादाला सांगायला हवं होतं. दादा दुष्ट असता तर बरं झालं असतं. पण दादा त्याच्यासाठी थंडीत स्वेटर आणायचा, वहिनी पहिली गरम पोळी त्याच्या ताटात वाढायची. अशा माणसांना 'मी जातो' कसं म्हणायचं? जगाला तोंड उघडता यावं म्हणून दात करून देणारा हा प्राणी, स्वतःच्या तोंडाला मात्र कुलूप. त्याला त्या घरात श्वास घेणंही कधी कधी जड जायचं आणि त्याची त्याला लाज वाटायची.

शेवटी त्याने ठरवलं, आधी रविवारच्या खुर्चीतून उठू. तिथे जमलं तर सोमवारी दादासमोरही जमेल.

त्याच्याजवळ एक राक्षस होता, पारदर्शक लगद्याचा चौकोनी ठोकळा. बोळ भरून सावकाश सरकत येतो, समोर येईल ते आत घेतो, आणि मेलेल्या वीरांचे बूट, ढाली त्याच्या पोटात तरंगत असतात. धाकट्याने तो बिनरंगी मालाचा ओतला होता आणि आत गुडघे दुमडलेला, एक हात वर केलेला इवलासा माणूस घातला होता. हा कोण, असं कधी कोणी विचारलं नाही. शनिवारी त्याने घासायच्या यंत्राने ठोकळा कापला, माणसाला बाहेर काढलं आणि एका कवळीच्या डबीत ठेवलं. डबीला लाकडासारखा रंग दिला, बारीक कडी बसवली. झाली खजिन्याची पेटी. रविवारी वीर ती उघडतील, आत जिवंत माणूस सापडेल, आणि मग धाकटा म्हणेल, "हा मी. आता मी तुमच्याबरोबर चालणार. या खुर्चीत दुसरं कोणीतरी बसा." जबडे घासताना त्याने ते वाक्य पाठ केलं.

एवढा विचार करणारा शहाणा, मुख्य गोष्ट विसरला.

भुयारात खादाड पेटी नावाचा एक राक्षस असतो. तो खजिन्याच्या पेटीचं सोंग घेऊन बसतो आणि झाकणाला हात लावला की खाऊन टाकतो. ती पहिल्यांदा आली तेव्हा सगळे असे दचकले, असे हसले, की धाकट्याने ती पुन्हा आणली. मग पुन्हा. घरोघर मीटर वाचत फिरणारा मीटरवाला खेळात चोर व्हायचा. त्याचे तीन चोर तिने गिळले होते. आता ही मंडळी भुयारातल्या खुर्चीवरसुद्धा काठीने टोचल्याशिवाय बसत नसत.

रविवारी धाकट्याने डबी नकाशावर ठेवली. "खोलीत फक्त एक पेटी आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज जरासा कापला.

"आवाज बघा याचा," मेहुणा म्हणाला. "आत काहीतरी भयंकर आहे."

"या वेळी खरंच पेटी आहे."

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतास."

म्हणाला होता खरं.

"एकदा उघडून तर बघा," धाकटा म्हणाला. आता तो जवळजवळ विनवणी करत होता.

मास्तरीणबाई शाळेत भूगोल शिकवायच्या आणि खेळात चेटकीण असायच्या. त्यांनी चष्मा वर केला. "इतका आग्रह? तेल ओता रे. मी दारातूनच आग टाकते." त्यांनी फासा टाकला. वीस पडले, सगळ्यात मोठं दान.

"जळतेय," धाकटा म्हणाला.

"ओरडली का?" मीटरवाल्याने विचारलं.

लाकूड मुकाट जळतं, राक्षस ओरडतो. तिघंही पुढे झुकून धाकट्याकडे बघू लागले. तो नुसता गप्प बसला असता तरी पुरे होतं. त्यांना कळलं असतं की पेटी खरी होती. कोणीतरी डबी उघडली असती, आणि मग ते वाक्य म्हणायची वेळ आपोआप आली असती. जन्मभर ज्याला गप्प बसण्यावाचून काही जमलं नाही, त्याला या एकदाच गप्प बसायचं होतं.

पण तिघांचे चेहरे वाट बघत होते, आणि वाट बघणाऱ्याला नाही म्हणणं त्याला येत नव्हतं.

तो ओरडला. राक्षसांचे आवाज तो नेहमीच छान काढायचा, पण ही किंकाळी बराच वेळ थांबेना. मीटरवाला मागे सरकला. मग तिघांनी टाळ्या वाजवल्या.

"धाकट्या, काय झालं रे?" जिन्यावरून दादाचा आवाज आला.

"काही नाही दादा. खेळ चाललाय."

"बरं. उद्या सकाळी तू आहेसच ना? दोन कवळ्या द्यायच्यात."

धाकट्याने घसा खाकरला. "आहे," तो म्हणाला.

"आजवरची सगळ्यात भारी किंकाळी," असं म्हणत मेहुण्याने डबी उचलली, न उघडताच राक्षसांच्या खणात टाकली आणि खण ढकलून बंद केला. "चल, पुढे काय आहे?"

धाकट्याने खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"पुढे बोळ आहे," तो म्हणाला.